आठवते का, असे विचारू नका

वाचकहो, आपल्या घरातील वयोवृद्ध माणसाला आपण दिवसातून किती वेळा ‘आठवते का?’ असे विचारतो, हे एकदा मोजून पाहावे. मी मोजले आहे. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यातल्या एका साध्या मंगळवारी मी माझ्या पतींना हा प्रश्न १७ वेळा विचारला. चष्मा कोठे ठेवला ते आठवते का, सकाळची गोळी घेतल्याचे आठवते का, काल दुपारी कोण येऊन गेले ते आठवते का. त्यांतील ११ वेळा ते गप्प राहिले, चार वेळा चिडले आणि दोन वेळा ‘हो’ म्हणाले. ते ‘हो’ खरे नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. रात्री वहीत तो आकडा लिहिताना लक्षात आले की, जे आपण काळजीपोटी करतो असे समजत होते, ती त्यांच्यासाठी दिवसभर चाललेली परीक्षा होती, आणि त्या परीक्षेत त्यांनी रोज नापास व्हायचे हे ठरलेले होते.

माझे पती ७५ वर्षांचे आहेत, मी ७१ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाल्याचे निदान झाले. स्मरणशक्तीची जी ३० गुणांची चाचणी घेतात, तीत त्यांना २१ गुण मिळाले. आजची तारीख, सकाळचा नाश्ता, नातवाची इयत्ता या गोष्टी निसटू लागल्या होत्या. पण संध्याकाळ झाली, गच्चीतल्या खुर्चीत बसले, की ते पोर्ट ब्लेअरविषयी बोलू लागत, आणि तेव्हा त्यांच्या बोलण्यात कोठेही अडखळणे नसे. हॅडोच्या धक्क्याला जहाज लागले की रस्त्यावर कशी झुंबड उडे, गर्जनाचे लाकूड पावसात कसे फुगे, शेजारच्या बंगाली काकू सुरमईचे डोके कसे शिजवत, हे सारे ते काल घडल्यासारखे सांगत.

आम्ही त्या बेटावर १९८१ ते १९८८ अशी सात वर्षे काढली. हे सरकारी बांधकाम खात्यात स्थापत्य अभियंता होते. मद्रासहून जहाजाने निघालो की तीन दिवसांनी किनारा दिसे. आम्हाला मिळालेले घर लाकडी होते, खांबांवर उभे, वर पत्र्याचे छप्पर. तेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो नैर्ऋत्य व ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे वाटून घेतात. त्यामुळे वर्षातील सात-आठ महिने त्या पत्र्यावर ताशा वाजे. पुस्तकांना बुरशी, मिठाला पाणी, कपड्यांना न जाणारा ओलसर वास. भाजी आणि टपाल दोन्ही जहाजाच्या भरवशावर. भारताच्या मुख्य भूमीला तेथील प्रत्येक जण ‘मेनलँड’ म्हणतो, आणि महिन्याभरात आम्हीही तसेच म्हणू लागलो होतो. आळीत बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडील, मलबारी आणि जन्मठेपेच्या कैद्यांचे वंशज असलेली तेथलीच माणसे. सर्वांची मिळून एकच भाषा, मोडकी आणि प्रेमळ हिंदी. आमची मुलगी १९८४ साली तेथेच जन्मली.

तिनेच सुचवले, “आई, बाबांना एकदा तिकडे घेऊन जा.”

जावे की न जावे

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात कधी ना कधी येतो. बेट नसेल, तर जुने गाव असेल, गिरणीच्या चाळीतली खोली असेल, रेल्वेची वसाहत असेल. न्यावे तर प्रवासाची दगदग, न न्यावे तर मनाला टोचणी. त्यात भीती अशी की, तेथे जाऊन काहीच ओळखीचे राहिले नसेल तर माणूस अधिकच खचेल.

गतकाळाच्या ओढीकडे वैद्यकशास्त्राने फार काळ संशयानेच पाहिले. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने आपल्या प्रबंधात या ओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले, तेच मुळी रोग म्हणून. ग्रीक भाषेतील ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या दोन शब्दांचा तो जोड आहे. घरापासून दूर असलेल्या स्विस तरुणांना आणि सैनिकांना जडणारे हे दुखणे, आणि त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे रुग्णाला घरी पाठवणे, असे त्याचे म्हणणे होते. म्हातारी माणसे जुन्याच गोष्टी उगाळतात, हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण, असा समज तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांमध्येही होता. १९६३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी तो खोडून काढला. उतारवयात मागे वळून आयुष्याचा आढावा घेणे हे मनाचे स्वाभाविक काम आहे, असे त्यांनी मांडले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी यांच्या आधारे बोलते करण्याची जी पद्धत आज वापरली जाते, तिच्यामागे हा विचार आहे. त्याने आजार बरा होत नाही, हे मात्र स्वच्छ समजून असावे.

आमच्या डॉक्टरांनी मला समजेल अशा शब्दांत सांगितले. नव्या आठवणी नोंदवून घेणारा मेंदूचा भाग, ज्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, तो बहुधा या आजारात आधी दुबळा होतो. म्हणून सकाळचा नाश्ता विसरतो, पण चाळीस वर्षांपूर्वीचे घर टिकते. तरुणपणातील आठवणी एरवीही अधिक ठसठशीत असतात, कारण पहिली नोकरी, पहिले घर, पहिले मूल हे सारे त्याच काळात घडते. आणि हातापायांना जडलेल्या सवयी, म्हणजे सायकल चालवणे, गाठ मारणे, नेहमीच्या वाटेने चालणे, या तर फार उशिरापर्यंत साथ देतात.

“न्यायचे तर आता न्या,” ते म्हणाले, “दोन वर्षांनी नेण्यात अर्थ नसेल. मात्र तेथे गेल्यावर त्यांची परीक्षा घेऊ नका.”

माझ्या वहीतला तो आकडा मी त्यांना सांगितला नव्हता.

तयारी

निघण्याआधी महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी जुना अल्बम काढून बसत असू. वीस रुपयांची जुनी तांबूस नोट आपल्यापैकी कोणी जपून ठेवली असेल, तर तिची मागची बाजू पाहावी. नारळीच्या झाडांमागे दिसणारा तो देखावा पोर्ट ब्लेअरचाच आहे. ती नोटही मी अल्बमात ठेवली. हेतू एवढाच की, प्रवास त्यांच्यावर अचानक कोसळू नये.

औषधांबाबत मात्र थोडे तपशिलाने सांगते, कारण येथे चूक महागात पडते. सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कदापि नकोत. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर पुरतील इतकी जास्त घ्यावीत, कारण बेटावरचे हवामान बिघडले तर विमान आणि बोट दोन्ही अडू शकतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिचे मोबाइलमध्ये छायाचित्र, दोन्ही असावे. आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हती. बोट लागू नये म्हणून दुकानातून सहज मिळणाऱ्या अनेक गोळ्या वयस्कर माणसाला घातक ठरू शकतात. त्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडू शकते आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांचा गोंधळ एकाएकी वाढतो. शेजारणीने दिलेली गोळी म्हणून ती देऊ नका. आम्ही बोटीचे लांबचे प्रवासच टाळले. शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप, म्हणजे आमच्या काळचे नील आणि हॅवलॉक, यांना दुरूनच रामराम केला.

विमानतळावर चाकांची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती. “मला चालता येते,” असे हे रागावून म्हणाले. चालता येते हे खरेच होते. पण अनोळखी गर्दीत रांगेत उभे राहणे, पट्टा काढणे, पिशवी ट्रेमध्ये ठेवणे आणि पुन्हा उचलणे यांत मन थकते, पाय नव्हेत. चेन्नईहून विमान सुमारे दोन तासांचे. मध्ये एकदा त्यांना उठवून मार्गिकेतून फिरवून आणले, कारण फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पोटऱ्यांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वयाबरोबर वाढतो.

आणि त्यांच्या खिशात एक कार्ड ठेवले. नाव, आजाराचा उल्लेख, माझा भ्रमणध्वनी क्रमांक, उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता. मराठीऐवजी हिंदी आणि इंग्रजीत. हे कार्ड करताना मला अपराधी वाटले होते. लहान मुलाच्या गळ्यात शाळेचे ओळखपत्र अडकवावे तसे ते वाटले. केले हे बरे झाले.

एवढी तयारी करूनही एक चूक झालीच. त्यांच्या गोळ्यांचा डबा सात खणांत काळजीपूर्वक भरताना माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पुण्यात टेबलावर राहिल्या. अ‍ॅबर्डीन बाजारातील औषधांच्या दुकानात, घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, मी चिठ्ठीचे छायाचित्र दाखवून नव्या गोळ्या घेतल्या. हे शेजारी उभे होते. ‘आठवले नाही का?’ असे त्यांनी विचारले नाही. “होते असे कधी कधी,” एवढेच म्हणाले.

बदललेली नावे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उतरलो. आमच्या काळच्या त्या छोट्याशा धावपट्टीच्या जागी आता शिंपल्याच्या आकाराचे छप्पर असलेली भव्य इमारत उभी आहे. शहराचे नावही तीनच महिन्यांपूर्वी बदलून श्रीविजयपुरम झाले होते. रॉस बेट आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, माउंट हॅरिएटचे माउंट मणिपूर झाले आहे. मला वाटले होते की या नव्या नावांनी हे गोंधळून जातील. झाले उलटेच. रिक्षावाला जुने नाव घेई, पाटीवर नवे असे, मी दोन्हींत अडखळे आणि हे निवांत असत. नवी नावे आम्हा दोघांनाही सारखीच नवी होती. गेल्या दोन वर्षांत प्रथमच एखादी गोष्ट आम्ही दोघेही एकाच इयत्तेत बसून शिकत होतो.

दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी, आणि दुपारी झोप, असा आम्ही नेम ठेवला होता. पहिल्या सकाळी चॅथमला गेलो. हॅडोहून एक छोटा पूल ओलांडला की हे बेट लागते, आणि जवळपास सारे बेट व्यापून आहे ती १८८३ साली सुरू झालेली लाकडाची गिरणी. दुसऱ्या महायुद्धातील जपानी बॉम्बने पडलेला खड्डा तेथे आजही दाखवतात. आमच्या काळी तेथे ओंडक्यांचे डोंगर असत. २००२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जंगलतोडीला आळा बसला आणि गिरणीचा जुना जोर ओसरला.

मी तेथे एका अपेक्षेने गेले होते. गंधाने आठवणी जाग्या होतात, असे मी वाचले होते. ताज्या कापलेल्या पडौकाचा तो वास नाकात शिरताच यांचा चेहरा उजळेल, अशी माझी खात्री होती. मी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. काहीही झाले नाही. नंतर डॉक्टरांकडून कळले की या आजारात वासाची जाणीव बऱ्याचदा लवकरच मंदावते. परंतु तेथून निघताना एका फळीजवळ हे थांबले. तिच्यावरून तळहात फिरवला, अंगठ्याच्या नखाने कडेला हलकेच दाबून पाहिले आणि म्हणाले, “पडौक. नीट वाळलेला आहे.” पुढच्या फळीवर हात ठेवला, “हा गर्जन. हा बाहेर वापरायचा नाही, आत वापरायचा.” गिरणीतला एक कामगार थांबून ऐकू लागला. त्याने तिसऱ्या फळीकडे बोट दाखवले. हे हसले आणि म्हणाले, “हे मला ठाऊक नाही.” ‘ठाऊक नाही’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून इतक्या सहजपणे कित्येक दिवसांत ऐकले नव्हते.

मी आपल्याला त्या सकाळीच सुधारले असे सांगू शकले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने शहराबाहेर सिप्पीघाटकडे निघालो. तेथे आमच्या एका स्नेह्यांची शेती होती, रविवारी आम्ही तेथे जेवायला जात असू. रस्त्याच्या एका बाजूस विस्तीर्ण पाणी पसरलेले होते, त्यात खारफुटीची झुडपे आणि मधूनच वठलेल्या नारळांचे खांब. हे खिडकीतून पाहत म्हणाले, “येथे भाताची खाचरे होती. बांधावरून आपण चालत जायचो.”

“अहो, येथे नाही,” मी म्हणाले, “ही तर खाडी आहे. शेती पुढे असेल. आठवते का, तिथे एक विहीर होती?”

ते गप्प झाले. मोटार चालवणारा तरुण तिशीचा असेल. तो आरशातून माझ्याकडे पाहत अदबीने म्हणाला की, अंकल बरोबर सांगत आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्या भूकंपात या भागातील जमीनच सुमारे एक मीटर खाली खचली, आणि त्सुनामीचे पाणी ओसरल्यावरही भरतीचे पाणी शेतात येत राहिले, ते कायमचे. त्याच्या आजोबांचीही जमीन त्या पाण्याखाली होती. त्याने मोटार बाजूला उभी केली. हे खाली उतरले आणि पाण्याच्या कडेला उभे राहून त्यांनी हाताने दाखवले, बांध कोठून कोठे जात असे, विहीर कोठे होती, आंब्याखालचा ओटा कोठे होता. ती विहीर मी पुढे शोधत होते, आणि ते माझ्यासमोर पाण्यात बोट दाखवत होते. मोटारीत परत बसताना मी त्यांची क्षमा मागितली. कशाबद्दल, हे तोवर त्यांच्या मनातून गेले होते. माझ्या मनातून गेलेले नाही.

पाच वाजता अंधार

आता जे सांगते, ते विशेषतः रुग्णाबरोबर प्रवास करणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावे. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांना सूर्य कलू लागला की अस्वस्थता येते. येरझारा सुरू होतात, ‘घरी जायचे आहे’ असा धोशा लागतो. स्वतःच्या घरात बसलेला माणूसही तसे म्हणतो. दिवसभराचा थकवा, मंदावणारा उजेड आणि शरीरातल्या घड्याळाचा बिघाड ही त्याची कारणे मानली जातात. पुण्यात आमच्याकडे ही वेळ साधारण साडेपाचची, आणि तेव्हा मी त्यांच्यासोबत असतेच.

अंदमान पुण्याच्या कितीतरी पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर तेथे पाच वाजायच्या आत. सात वर्षे तेथे राहिलेली मी हे साफ विसरले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, अजून दुपारच आहे अशा समजुतीने, मी कपडे धुण्यासाठी न्हाणीघरात गेले. बाहेर आले तेव्हा खोलीचे दार उघडे होते, बाहेर संधिप्रकाश होता आणि हे नव्हते. कोपऱ्यातली छत्रीही नव्हती.

पुढच्या चाळीस मिनिटांचे वर्णन मी करणार नाही. अतिथिगृहाच्या व्यवस्थापकांनी दोन माणसे दोन दिशांना पाठवली. मी फाटकाशी उभी होते. अंधार पडला होता. तेवढ्यात भ्रमणध्वनी वाजला. हॅडोच्या उताराखालच्या एका चहाच्या टपरीवरून कोणी बोलत होते. एक अंकल येऊन बसले आहेत, त्यांच्या खिशातल्या कार्डावर हा क्रमांक आहे, घाबरू नका, चहा दिला आहे.

ते देलानीपूरच्या चढावरून निघून जुन्या वाटेने नेमके आमच्या घराकडे चालत गेले होते. पायांनी वाट चुकवली नव्हती. घरच राहिले नव्हते. त्या जागी कुंपणाची उंच भिंत आणि तिच्यामागे तीन मजली इमारत होती. भिंतीशी येऊन ते थांबले आणि मग समोरच्या टपरीच्या बाकावर जाऊन बसले. मी पोहोचले तेव्हा छत्री मांडीवर आडवी ठेवून ते बसले होते. मला पाहून म्हणाले, “अगं, ऑफिस सुटले, पण घर बंद आहे.”

माझ्या ओठांवर आले होते, की अहो आपण निवृत्त होऊन किती वर्षे झाली, आठवत नाही का. मी त्यांच्या शेजारी बसले. चहावाल्याने मलाही कप दिला. मी म्हणाले, “किल्ली माझ्याकडे नाही. आज दुसरीकडे राहू या.” त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग छपराचा पत्रा कसा वाजे, ते त्या चहावाल्याला सांगू लागले. चहावाला जन्मानेच तेथला होता. असेच घर त्याच्या वडिलांचेही होते.

अतिथिगृहात परतल्यावर मी जे केले, ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. चार वाजता खोलीतले सगळे दिवे लावायचे, पडदे ओढून घ्यायचे, चहा आणि काहीतरी खायला द्यायचे, आणि साडेचार ते सहा त्यांना एकटे सोडायचे नाही. रात्री न्हाणीघरातील दिवा चालू ठेवायचा. दाराला आतून वर, सहज नजरेस न पडेल अशी कडी लावता आली तर उत्तम. मात्र माणसाला खोलीत बाहेरून कोंडू नये, आग लागली किंवा तो पडला तर अनर्थ होतो. आणि सर्वांत मोठी चूक ही की, मी तिसरे माणूस बरोबर नेले नव्हते. मुलगी यायला तयार होती; दोघांचीच सहल असावी, हा माझा हट्ट होता. रुग्णाबरोबर एकट्याने प्रवास करू नका. काळजी घेणाऱ्यालाही न्हाणीघरात जावे लागते.

शेवटच्या सकाळी सेल्युलर जेलमध्ये गेलो. आम्ही तेथे राहत असताना पुण्या-मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा तिसऱ्या मजल्यावरील सावरकरांच्या कोठडीचे दर्शन घेतल्याशिवाय परतत नसे, आणि प्रत्येकाबरोबर मी ते जिने चढत असे. आता गुडघ्यांनी नकार दिला. आम्ही खाली अंगणातल्या बाकावर बसलो. मूळच्या सात पाकळ्यांपैकी तीनच आज उभ्या आहेत. तुरुंगाच्या त्याच आवारात १९६३ पासून गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. ज्या भूमीवर माणसांना कोंडून ठेवले, त्याच भूमीवर आमची मुलगी जन्मली, हे मला तेव्हाही नवलाचे वाटे.

मी काही विचारले नाही. बराच वेळ तशीच बसून राहिले. हे त्या इमारतीकडे पाहत होते. मग आपणहून म्हणाले, “त्या रात्री पाऊस होता. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, लडकी हुई है. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हते, म्हणून मी तिला माझी छत्री दिली. भिजत घरी गेलो.” चाळीस वर्षांच्या संसारात ही छत्रीची गोष्ट मी प्रथमच ऐकत होते. मी मुलीला तेथूनच फोन लावला आणि तो यांच्या हातात दिला.

जानेवारीत पुन्हा तीच ३० गुणांची चाचणी झाली. या वेळी २० गुण मिळाले, आधीपेक्षा एक कमी. डॉक्टरांना आश्चर्य वाटले नाही, मलाही फारसे वाटले नाही. प्रवासानंतरचे पहिले चार दिवस तर हे फारच गोंधळलेले होते. तेवढा विसावा आपणही हिशेबात धरावा, परतल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे बोलावू नयेत. वहीत मी अजूनही अधूनमधून आकडा लिहिते. १७ वरून तो चारपर्यंत आला आहे. काही दिवशी सात होतो.

परवा सकाळी आम्ही कोपऱ्यावर भाजी आणायला गेलो होतो. हातगाडीवर ताजे बटाटे, कोबी, टोमॅटो असे डोंगर रचलेले होते. हे थबकले, डोळे विस्फारून त्या गाडीकडे पाहू लागले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “जहाज लागलेले दिसते.”

“हो,” मी म्हणाले, “आजच लागले. संपायच्या आत बटाटे घेऊन टाकू.”